राजाक्काची पिशवी

“बुधवारी राजूची पिशवी काढायची. लग्नाच्या आधी झालेलं बरं.”

शनिवारी भिंतीपलीकडं स्वयंपाकघरात जेवायला बसलेला, तिला राजू म्हणणारा तिचा भाऊ दादासो हे बोलला, आणि अलीकडं माजघरात तांदूळ निवडणाऱ्या राजाक्काचा हात सुपातच थांबला. वहिनी काहीतरी हळू म्हणाली, दादासो “व्हय व्हय” म्हणाला, आमटी भुरकल्याचा आवाज आला आणि त्यांच्या लेखी विषय संपला. राजाक्काचा कुठला संपतोय! तिच्या कानांत नुसती पिशवी, पिशवी, पिशवी. म्हणजे आपल्याला नेणार. कोडोलीला, चुलत्याच्या नातवाच्या लग्नाला नेणार. बारा वर्षांनी आपण उंबऱ्याबाहेर पडणार. ती पिशवी माळ्यावर होती, निळ्या पट्ट्यांची, लाकडी कड्यांची, जाड कापडाची. एकसष्ट साली कोडोलीच्या एका लग्नाहून आल्यावर आईनं ती माळ्यावर टाकली. पुढं आईही गेली, पिशवी तिथंच राहिली. घरात बाकी सगळ्यांच्या ट्रंका होत्या, वळकट्या होत्या. राजाक्काची म्हणून सांगता येईल अशी वस्तू ती एकच. नवव्या वर्षी तिला ताप आला, आठ दिवसांनी उतरला आणि उतरताना दोन्ही पायांतलं बळ घेऊन गेला. तेव्हापासून शिवाजी पेठेतलं हे घर, हे माजघर आणि टेकायला हा खांब. आता ती छत्तिसांत होती. तिच्यासमोर लोक काहीही बोलत. कुणाचं लग्न का मोडलं, कुणाची सून कुणाबरोबर दिसली, दादासोच्या गुळाच्या अडतीवर कोण कुणाला फसवतंय, सगळं. खांबासमोर बोलायला कोण लाजतं? पण आज तिच्याविषयी बोलताना वहिनीनं आवाज उतरवला होता, हे तिच्या ध्यानात आलं नाही. आनंद झाला की माणसाचं असं होतं.

कोडोली! एकसष्टच्या त्या लग्नात ती चोवीस वर्षांची होती. दादासोनं कुणाची तरी जीप मागून आणली होती, पण चुलत्याच्या घराची बोळ अरुंद, जीप तोंडाशीच अडली. दादासो पाहुण्यांत अडकलेला. मग चुलत्यानं गड्याला हाक मारली. आकाराम त्याचं नाव. गुऱ्हाळावरनं तसाच आलेला, दंडाला काकवी लागलेली, अंगाला धुराचा आणि उकळत्या रसाचा वास. तो जीपच्या दाराशी आला, वाकला, हात पुढं केले आणि थांबला. “आक्कासाब, कुठं धरू?” म्हणाला. एवढंच. राजाक्काला आयुष्यात हे कुणी विचारलं नव्हतं. तिला उचलणाऱ्यांनी नेहमी पोतं उचलल्यासारखी उचलली होती, काखेत हात घालून, पाय लोंबकळत ठेवून, बोलता बोलता, दुसरीकडं बघत. आणि हा बाप्या गडी विचारत होता. तिला बोलताच आलं नाही. उत्तर तयार असायला आधी कुणीतरी प्रश्न घालायला लागतो की नाही? मग त्यानंच एक हात पाठीशी आणि एक गुडघ्यांखाली घातला आणि बोळभर, मांडवभर, पार आतल्या सोप्यापर्यंत तिला अशी नेली की तिचा पदरसुद्धा ढळला नाही. पन्नास-साठ पावलं असतील. बारा वर्षं राजाक्का ती पावलं चालत होती. आकाराम आता असेल का? लग्न झालं असेल, पोरं असतील. असू देत. तिला त्याच्याकडनं काही नको होतं. बोळीच्या तोंडाशी गाडी थांबावी, त्यानं परत विचारावं आणि या खेपेला आपण नीट सांगावं, बस.

रविवारी सकाळी आंघोळीच्या वेळी ती विठाबाईला म्हणाली, “विठाबाई, माळ्यावरची माझी पिशवी तेवढी काढून झाडून ठेव. झुरळं झाली असतील.”

विठाबाई म्हणजे राजाक्काचे पाय. सात वर्षं ती रोज येत होती. राजाक्काला उठवणं, बसवणं, परसात नेणं, न्हाऊ घालणं, कपडे बदलणं, सगळं तिच्याकडं. विधवा, काटक, तोंडानं फटकळ आणि गावातल्या चारचौघी बायांसारखी ‘मी येतो, मी जातो’ असं बापईगत बोलणारी. सात वर्षांत तिच्या हाताला राजाक्काच्या अंगाचा कोपरान् कोपरा ठाऊक झालेला. कुठं हाड टोचतं, कुठं कातडी सोलते, कुठं गुदगुल्या होतात. पण एक गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नव्हती. पायांतलं बळ गेलं होतं, जाणीव नव्हती गेली. लहानपणी भावंडं चिमटे काढून विचारायची, “कळतंय का गं?” आणि ही हट्टानं “न्हाई” म्हणायची, म्हणजे ती कंटाळून निघून जायची. ते ‘न्हाई’ घरानं खरं धरलं आणि कायमचं धरलं. कमरेखाली लाकूड. लाकडाला काय कळायचंय! पण ऊन पाणी कमरेवरनं खाली ओघळलं की राजाक्काला ते टाचेपर्यंत कळायचं. विठाबाईचा हात जरा दमानं फिरला तरी कळायचं. तिसाव्या वर्षानंतर ते जास्तच कळायला लागलं. गेल्या दिवाळीत एकदा तिनं धीर केला. “विठाबाई, घंगाळात थोडं पाणी ऱ्हाऊ दे, दार लाव आणि जरा भाईर जाऊन बस. हाक मारतो मी.” विठाबाईनं तिच्याकडं बघितलं, ओले हात लुगड्याला पुसले आणि काही न विचारता दार लावून बाहेर गेली. तेव्हापासून ती दहा मिनिटं ठरून गेली. न्हाणीघराचं दार त्या घरात राजाक्कासाठी कधी लागलेलंच नव्हतं, पडली-बिडली तर म्हणून. आता ते दहा मिनिटं लागायचं. आत पाणी, वाफ आणि ती. सत्तावीस वर्षं हे अंग दुसऱ्यांनी उचललं, धुतलं, पुसलं, झाकलं. त्या दहा मिनिटांत ते तिचं असायचं. तिला लाज वाटायची आणि लाजेपेक्षा जास्त बरं वाटायचं. या घरात कुणाला सांगितलं असतं तर कळलं नसतं, आणि कळलं असतं तर त्याहून वाईट.

“ठेवतो की,” विठाबाई म्हणाली. पिशवीचं नाव काढल्यावर तिचा हात पाठीवर मध्येच थांबला होता. मग तिनं उरलेलं पाणी भसाभसा ओतलं, दार सताड उघडं ठेवलं आणि राजाक्काला कोरडी करायला घेतली. आज दहा मिनिटं नाहीत. राजाक्काला वाटलं, लग्नाची गडबड असेल. “आकाराम हाय का गं अजून कोडोलीत? तुझ्या माहेराकडचाच न्हवं तो?” तिनं विचारलं. “काय म्हाईत,” विठाबाई म्हणाली आणि टॉवेल तिच्या तोंडावर आला.

त्या दिवशी वहिनी बाजूला बसली होती. सरळ बोलायचं तर तिला कावळा शिवला होता. या घरात ते कडक पाळलं जाई. परसदारी सोप्यात बसायला गोणपाटाचं चवाळं, निराळं ताट, निराळा तांब्या, चौथ्या दिवशी डोक्यावरनं पाणी. वहिनी तिथं बसून पेपर वाचायची, वाढलेलं आयतं जेवायची, पोरं जवळ गेली की “शिवू नका रे!” म्हणून ओरडायची. आणि राजाक्का? तिला तेराव्या वर्षापासून दर महिन्याला येत होतं, वहिनीपेक्षा नेमानं. पण तिला एकदाही कुणी बाजूला बसवलं नाही. पहिल्या वेळी आईनं आजीला विचारलं होतं, “हिचं काय करायचं?” आजी म्हणाली होती, “हिचं काय धरायचं? तिला कोण न्हेणार, कोण आणणार? जाऊ दे. हिचं धरायचं न्हाई.” झालं. बस्तीला, म्हणजे जैन मंदिरात, नित्यनेमानं जाणारं, पाणी गाळून पिणारं, सूर्य मावळल्यावर घास न घेणारं ते घर, त्या चार दिवसांत तिच्या मांडीवर पोरं ठेवायचं, तिच्याकडनं देवाचे तांदूळ निवडून घ्यायचं. लहानपणी तिला हा सन्मान वाटायचा. नंतर एकदा, विशी उलटल्यावर, तांदूळ निवडता निवडता तिच्या ध्यानात आलं की आपल्याला पवित्र मानत नाहीत, आपल्याला बाईच मानत नाहीत. कावळासुद्धा शिवताना माणूस बघतो. त्या दिवशी ती खूप रडली होती, आणि आईला वाटलं होतं की पाठ दुखते.

मंगळवारी दिवस मावळायच्या आधी वहिनी सोप्यातनंच म्हणाली, “राजाक्का, उद्या सकाळी तोंडात काय घालू नका हं. पाणीसुदीक न्हाई.” राजाक्का मनात हसली. लग्नाला अजून चार-पाच दिवस होते, पण जवळची माणसं आधीच जातात. म्हणजे वाटेत दर्शन आहे. कोडोलीच्या बस्तीत आधी नेणार, मग मांडवात. उपाशीपोटी दर्शन, ते बरोबरच आहे. तिनं ती सूचनाही आनंदानं घेतली. विठाबाईनं झाडून आणलेल्या पिशवीत तिनं स्वतःच्या हातानं हिरवं इरकल लुगडं घातलं, आईची काचेची बांगडी रुमालात गुंडाळून घातली आणि तेलाची लहान बाटली घातली. लाकडी कड्या हाताला गार लागल्या.

बुधवारी टॅक्सी आली. विठाबाईनं आणि दादासोनं तिला उचलून मागं बसवली, शेजारी सकाळीच चौथ्या दिवसाचं पाणी घेतलेली वहिनी. पिशवी राजाक्कानं मांडीवर घेतली. रंकाळ्याकडनं वारा आला, एका पानपट्टीवर रेडिओ लागला होता, तालमीतली पोरं चड्डीवर बाहेर उभी होती, आणि राजाक्का काचेला नाक लावून सगळं बघत होती. बारा वर्षांत गावानं काय काय बांधून ठेवलं होतं! मग टॅक्सी गंगावेशीकडं वळायच्या जागी उलटी वळली. “दादा, पुलाकडं न्हाई जायाचं?” दादासो पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता. “आधी एक काम हाय,” तो मान न वळवता म्हणाला. काम म्हणजे एक पांढरी दुमजली इमारत निघाली. फिनेलचा वास, बाकावर पोटुशा बायका. तिला चाकाच्या खुर्चीत घातलं, आत नेलं, आणि चष्मा लावलेली डॉक्टरीणबाई तिच्या डोक्यावरनं वहिनीशी बोलायला लागली.

“पाळी नियमित येते?”

“येती की. त्याचाच तर ताप. कामाची बाई करत्या, पर तिचीबी कंबर धरत्या. उद्या ती सोडून गेली तर कोण करणार?”

“आणि दुसरं ते म्हणत होता तुम्ही?”

वहिनीनं आवाज खाली नेला. “ते पण. आणि डॉक्टर, घरात गडीमाणसं येत्यात-जात्यात. उद्या काय भलतं झालं तर आमी तोंड कुठं दाखवायचं?”

“काही काळजी करू नका. साधं ऑपरेशन आहे. पिशवी काढून टाकली की सगळाच त्रास संपला तुमचा.”

राजाक्कानं मांडीवरची पिशवी घट्ट धरली. पहिल्यांदा तिला वाटलं, ही बाई माझी पिशवी का मागते? आत लुगडं आहे, बांगडी आहे. मग भिंतीवरचं चित्र दिसलं. बाईचं उभं कापलेलं पोट, आत उलट्या पेरूएवढं लालसर काहीतरी, खाली नाव लिहिलेलं. चौथीपर्यंत शिकली होती ती, वाचता येत होतं. अगं बाई! शनिवारपासूनची सगळी बोलणी एकाएकी उलटी होऊन तिच्या अंगावर आली. राजूची पिशवी. लग्नाच्या आधी. तोंडात काय घालू नका. आणि मी मेलीनं ती झाडून घेतली! मी तिच्यात तेलाची बाटली घातली! तिला हसू फुटलं. मोठ्यानं, थांबेचना. डॉक्टरीणबाईनं वहिनीकडं बघितलं, म्हणजे ‘डोक्यानंही?’ आणि वहिनीनं तोंड वाकडं केलं, म्हणजे ‘कधीकधी.’

“इथं सही करा,” डॉक्टरीणबाईनं कागद दादासोपुढं सरकवला.

“कुणाची पिशवी काढायची हाय?” राजाक्का म्हणाली. हसू गेलं होतं. “माझी न्हवं? मग मी करतो सही. मला येतंय लिवाय.”

“राजू, गप बस. तुझ्या भल्याचंच हाय,” दादासो म्हणाला. “एवढं होऊ दे, मग कोडोलीला नेतो की तुला लग्नाला. देवाशप्पथ नेतो.”

कोडोली! त्याला काय ठाऊक त्यानं कुठं हात घातला ते. क्षणभर तिला बोळीचं तोंड दिसलं, वाकलेली पाठ दिसली, काकवीचा वास आला. एक नुसतं ‘बरं’ म्हटलं की झालं. दादासो शब्दाचा पक्का होता, ओल्या टाक्यांनी का होईना, नेलंच असतं त्यानं. पण आकारामनं विचारल्यावर सांगायचं काय? कुठंही धर बाबा, आता सगळं सारखंच? तिनं हात लांब करून दादासोच्या खिशातलं पेन काढलं, कागद ओढला आणि जिथं त्याची सही पाहिजे होती तिथं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘नको’. खाली नाव घातलं, राजमती आदगोंडा मगदूम. स्वतःचं नाव तिनं सव्वीस-सत्तावीस वर्षांनी लिहिलं होतं. ‘गो’वर अनुस्वार द्यायचा की ‘डा’वर, क्षणभर आठवेना.

“हे असं लिहिल्यावर मला काही करता येणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाली. तिचा आवाज वैतागल्याचा होता, पण पहिल्यांदाच ती राजाक्काच्या तोंडाकडं बघून बोलली. “घरी नीट समजावा आणि मग आणा.”

टॅक्सीत वहिनीचा बांध फुटला. ड्रायव्हर ऐकतोय, नवरा ऐकतोय, कशाचं भान नाही. “आमी मरतोय हिच्यासाठी, आणि हिची मिजास बघा! सांगू का सगळ्यांस्नी? विठाबाईनं सांगितलंय मला, न्हाणीत दार लावून काय चालतंय ते. या वयात! या असल्या अंगानं! शोभतं का हे आपल्या घराला?” दादासोची मान ताठ झाली आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ड्रायव्हरनं आरसा जरा खाली वळवला. राजाक्का त्या आरशात दिसायला लागली तशी तिनं पिशवी उचलून तोंडापुढं धरली. मरण का येत नाही, असं तिला त्या वेळी अगदी खरं वाटलं. आणि रागही आला, मरणाचा नाही, विठाबाईचा. ज्या हातांवर भरवसा ठेवला त्यांनीच जाऊन सांगावं?

“मी काय वैरानं सांगितलं आक्का?” विठाबाई दुपारी म्हणाली. राजाक्कानं विचारलं नव्हतं. “वैनी म्हणाल्या, रोज दुसरं पाणी का तापवाय लागतंय, जळण का एवढं लागतंय. मी म्हटलं, आक्का घंगाळावर जरा जास्त येळ बसत्यात. का बसत्यात म्हणाल्या. मला खोटं सुचलं न्हाई वो.” तर एवढ्यासाठी. दोन पाट्या जळणासाठी.

शुक्रवारी राजाक्काला आलं. विठाबाई नेहमीसारखी जुन्या लुगड्याच्या घड्या घेऊन निघाली तशी वहिनीनं तिला माजघराच्या दारातच अडवलं. “थांब. बाई हाय न्हवं ती? तिला बाईसारखं सगळं पायजे न्हवं? मग धरू या की तिचं. बसवा तिलाबी बाजूला. आणि तूबी शिवायचं न्हाईस हं, चार दिवस.” वहिनीच्या आवाजात थट्टा होती, पण डोळ्यांत नव्हती. दादासो वर्तमानपत्रात होता. “दादा,” राजाक्कानं हाक मारली. त्यानं पान उलटलं.

विठाबाईनं तिला परसदारच्या सोप्यात चवाळ्यावर नेऊन ठेवली, घड्यांचं गाठोडं शेजारी ठेवलं आणि घरात शिरायच्या आधी आंघोळ केली. मग चार दिवस कुणी हात लावला नाही. बारकी भाची धावत आली तशी वहिनी आतनं ओरडली, “आत्तीला शिवू नको गं, कावळा शिवलाय तिला!” बघा, तेवीस वर्षांनी ऐकायला मिळालं! राजाक्काला हसायचं होतं. पण वहिनी बाजूला बसायची ती पायांवर उठून परसात जायची, पायांवर येऊन बसायची. हिनं काय करायचं? ती हातांवर सरकत गेली. सोप्याची फरशी, मग पायरी, मग परसातली खडी, आणि परत. दिवसातनं चार-पाच वेळा. घड्या तिनं स्वतः बदलल्या, जमतील तशा. कमरेखाली लाकूड नव्हतं, सगळं कळत होतं. ताट कुणीतरी काठीनं पुढं सरकवायचं, आमटी सांडायची. ती जेवली. चारही दिवस सगळं जेवली, पानात शीत ठेवलं नाही. विठाबाई दिवसातनं दोनदा दारात येऊन उभी राहायची, लुगड्याचा पदर तोंडाशी धरून, आणि निघून जायची. मानानं बाजूला बसायला मिळावं असं कधीतरी मनात आलं होतं ना? घ्या आता. तिसऱ्या दिवशी तिला एकदा वाटलं, तो ‘नको’ खोडावा. मग वाटलं, खोडायला तरी कुणी कागद आणून देणार आहे का.

चौथ्या दिवशी बाकीच्यांना लग्नाला निघायचं होतं. पुढं दाराशी जीप उभी होती, पोरं हॉर्न वाजवत होती, वहिनी दागिन्यांचा डबा शोधत होती. न्हाणीत विठाबाईनं पाणी काढलं, घंगाळ काठोकाठ भरलं आणि राजाक्काला आत ओढून घेण्यासाठी वाकली. लुगडं बाजूला केलं आणि तिचे हात तसेच राहिले. मांड्या, कुल्ले, पोटऱ्या, कोपरं, तळहात, सगळं सोललेलं. काही ठिकाणी खडी रुतून बसली होती. बोट टेकवायला जागा नव्हती. सात वर्षं जे अंग तिनं न बघता उचललं होतं त्याच्यावर तिचे हात नुसतेच फिरत होते, वरच्या वर, कुठं टेकत नव्हते.

“आक्का,” ती म्हणाली, “कुठं धरू वो?”

राजाक्का तिच्याकडं बघत राहिली. बारा वर्षं या एका प्रश्नाची वाट बघितली आणि तो आला तेव्हा असा आला. काकवीचा वास नाही, मांडव नाही, आणि धरायला अंगावर जागा नाही. तिला कडू वाटलं. पुढच्या दाराकडनं वहिनीची हाक आली, “विठाबाई, न्हाणीचं दार उघडं ठेव गं! मी सांगून ठेवतो!” हॉर्न परत वाजला. पाण्यावरनं वाफ वर जात होती.

“सांगतो,” राजाक्का म्हणाली. “आधी दार लाव.”